पीटीएसडीवरचे एमडीएमए : पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी पीटीएसडीवरील (भीषण आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकारावरील) उपचारासाठी एमडीएमएला, म्हणजे नशेच्या बाजारात ‘एक्स्टसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाला, मंजुरी नाकारली आणि तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे मंजुरीआधीची मोठी, आणखी एक चाचणी मागितली. (आपल्याकडे छाप्यांच्या बातम्यांत येणारे ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन. ते वेगळे.)

१९७०च्या दशकाअखेरीपासून अमेरिकेतले काही मानसोपचारतज्ज्ञ एमडीएमए रुग्णांना देत होते. १९८५ मध्ये तातडीची बंदी आली. सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशांनी त्याचा वैद्यकीय उपयोग मान्य करून अमली पदार्थांच्या सौम्य अनुसूचीची (यादीची) शिफारस केली, पण ती डावलून ते सर्वांत कडक यादीत टाकले गेले. पीटीएसडीच्या रुग्णांवर तिथली पहिली चाचणी सुरू व्हायला २००४ उजाडले.

उपचाराची पद्धत अशी : रुग्ण डोळ्यांवर पट्टी बांधून पलंगावर पडतो, संगीत चालू असते, शेजारी दोन थेरपिस्ट बसतात. एक बैठक आठ तासांची. अशा तीन, आणि मधल्या दिवसांत नुसते बोलणे.

वाद पेटला तो ‘ब्लाइंडिंग’वरून. कुणाला खरे औषध मिळाले हे रुग्णाला कळता कामा नये, हा चाचणीचा नियम. पण एमडीएमएने जबडा आवळतो, छाती धडधडते. ते लपणार कसे? २०२३ मध्ये निकाल आलेल्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ९४ टक्क्यांनी ते बरोबर ओळखले. त्या गटातले ७१ टक्के रुग्ण पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर पडले; नुसती थेरपी आणि बिनऔषधी गोळी मिळालेल्यांपैकी ४८ टक्के. मधला फरक औषधाचा की आशेचा? आणि ‘आपल्याला मिळालेच नाही’ हे उमगलेल्यांच्या निराशेचा त्यात वाटा किती? शंका रास्तच आहे. मात्र ही अडचण आधीपासून ठाऊक असूनही नियामकांनी २०१७ मध्ये याच आराखड्याला मान्यता दिली होती. हेच कारण सात वर्षांनी पुढे करणे हा रुग्णांवर अन्याय आहे, असे मला ठामपणे वाटते.

एमडीएमएच्या चाचणीच्या कॅनडातल्या एका केंद्राचे प्रकरण मात्र वेगळे आणि गंभीर. तिथे औषधाच्या अमलाखालील महिलेशी थेरपिस्टने केलेले गैरवर्तन चित्रफितीत आहे. आधीच आघात झालेल्या माणसाला अशा हतबल अवस्थेत कुणाच्या हाती सोपवायचे, याची तपासणी ब्लाइंडिंगइतक्या कसोशीने व्हायला हवी होती.

ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना परवानगी दिली आहे. अमेरिकेत पीटीएसडीसाठी मंजूर औषधे अजून दोनच : सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन. दोन्ही मुळात नैराश्यावरची.