रॉ कॅसेट आणि मिक्सिंगची कॅसेट: फाउंड फुटेज कुठलं आणि मॉक्युमेंटरी कुठली

फाउंड फुटेज हॉररच्या यादीत 'लेक मंगो' दिसला की माझी चिडचिड सुरू होते. पिक्चर वाईट आहे म्हणून नाही, उलट मला तो 'ब्लेअर विच'पेक्षाही जास्त आवडतो, पण तो फाउंड फुटेज नाहीये ना! ती मॉक्युमेंटरी आहे, म्हणजे खरी डॉक्युमेंटरी असल्याचं सोंग करणारा पिक्चर. हे म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, अरे तेच ते, कॅमेरा हलतोय ना. नाही हो, तेच ते नाही. आणि हा घोळ नुसता बघणाऱ्यांचा असता तर मी गप्प बसलो असतो, पण बनवणाऱ्यांच्या डोक्यातही तोच घोळ आहे आणि म्हणूनच ओटीटीवर हॉररचा कप्पा उघडला की एकसारखे, अंधारात धापा टाकत पळणारे पिक्चर रांगेने उभे असतात.

फाउंड फुटेज म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, गोष्टीतल्याच माणसांनी शूट केलेलं आणि नंतर कोणाला तरी सापडलेलं फुटेज: तीन पोरं कॅमेरे घेऊन जंगलात जातात, गायब होतात, वर्षभराने टेपा सापडतात, 'ब्लेअर विच प्रोजेक्ट', १९९९. पुढे जाऊ.

कॅमेरा हलण्याचा मुद्दा एका परिच्छेदात संपवतो. मॅट डेमनच्या 'बोर्न' या हेरपटांमध्येही कॅमेरा गदागदा हलतो, पण तो कॅमेरा गोष्टीतल्या कोणाच्या हातात नसतो, तिथे मॅट डेमनला कॅमेरा दिसत नाही. आणि 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' अस्सल फाउंड फुटेज आहे पण त्यातले सगळ्यात फाटणारे सीन ट्रायपॉडवरचे आहेत, कॅमेरा रात्रभर पलंगाकडे टक लावून बसलाय, इंचभरही हलत नाही. दिग्दर्शक ओरेन पेलीने तो स्वतःच्याच घरात साधारण १५ हजार डॉलरमध्ये शूट केला आणि जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. नंतर जे काही पेव फुटलं ना, त्याचं मूळ हे दोन आकडे आहेत. लोकांनी १५ हजार वाचलं, ट्रायपॉड वाचलाच नाही.

आता खरा फरक. नव्वदच्या दशकातल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवा. शूटिंगवाल्याकडे एक रॉ कॅसेट असायची. त्यात मावशी दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो म्हणून हात आडवा धरतेय, मागून कोणीतरी "पंगत बसली का रे" विचारतंय, आणि कॅमेरा बंद करायला विसरल्यामुळे पाच मिनिटं नुसत्या चपला दिसतायत. आणि महिन्याभराने घरी यायची ती मिक्सिंग केलेली कॅसेट, बदामात नवरा-नवरी, पाठवणीला रडकं गाणं, मावशीचा हात गायब. दोन्हीत लग्न तेच. पण दुसऱ्या कॅसेटमध्ये एक जास्तीचा माणूस आहे, जो मांडवात नव्हताच, जो नंतर खुर्चीत बसून काय ठेवायचं आणि काय उडवायचं ते ठरवत होता, आणि त्याला पाठवणीला कोण रडणार हे आधीच माहीत होतं.

तो माणूस असला की मॉक्युमेंटरी, नसला की फाउंड फुटेज. बास. कॅमेरा कोणी धरलाय हा प्रश्न दुय्यम आहे, मिक्सिंगला कोण बसलं आणि त्याला शेवट माहीत होता का, हा खरा प्रश्न.

भीती कुठून येते तेच याने बदलतं. 'लेक मंगो' २००८चा, ऑस्ट्रेलियातला. अरारात नावाच्या गावातली १६ वर्षांची ॲलिस धरणाच्या पाण्यात बुडते, आणि मग आई, वडील, भाऊ कॅमेऱ्यासमोर शांत बसून बोलतात. ती गेलीये हे तुम्हाला पहिल्या मिनिटापासून माहीत आहे. हे म्हणजे तेराव्याला घरात बसल्यासारखं असतं, कोणीतरी हळूच म्हणतं, "आदल्या दिवशी जरा गप्पगप्पच होती," आणि त्या साध्या वाक्याने अंगावर काटा येतो, कारण बोलणाऱ्याला शेवट माहीत आहे आणि तो मागे वळून बघतोय. फाउंड फुटेजमध्ये हे शक्यच नाही. तिथे मागे वळून बघायला कोणी उरलेलंच नसतं, कॅमेरा धरणाऱ्याला दहा मिनिटांनी आपलं काय होणार हे माहीत नाही, तो बॅटरीवरून भांडतोय, नकाशा कुठे गेला म्हणून ओरडतोय. ते तेराव्याला बसणं नाही, त्याच्याबरोबर जंगलात असणं आहे.

(हो, 'लेक मंगो'मध्ये मोबाईलवरची एक क्लिप आहे आणि ती मात्र शंभर टक्के फाउंड फुटेज आहे. पण ती लागते कारण आजूबाजूला तासभर मिक्सिंग आहे. ज्यांनी बघितलाय त्यांना कळलं.)

इथे कोणीतरी म्हणणारच की अरे, 'ब्लेअर विच'चंही एडिटिंग झालंच ना. झालं की. आठ दिवसांचं शूटिंग, वीसेक तासांचं फुटेज, पिक्चर ८१ मिनिटांचा. पण मुळात त्यांचा प्लॅनच वेगळा होता. त्याचे दिग्दर्शक मायरिक आणि सांचेझ यांना डॉक्युमेंटरीसारखं काहीतरी करायचं होतं, मुलाखती, बातम्या, जाणकारांची मतं आणि मधेमधे पोरांचं फुटेज. मग त्यांना कळलं की पोरांच्या फुटेजपुढे बाकीचं सगळं फिकं पडतंय, आणि त्यांनी ते काढून टाकलं. फेकलं नाही मात्र. तशा मालमसाल्याची 'कर्स ऑफ द ब्लेअर विच' नावाची वेगळी मॉक्युमेंटरी जुलै १९९९ मध्ये अमेरिकेतल्या साय-फाय चॅनलवर लागली. म्हणजे ज्या पिक्चरने ही साथ पसरवली त्याच्या बापांनीच दोन्ही पदार्थ दोन वेगळ्या ताटांत वाढले होते, आणि आपण पंचवीस वर्षं ते एकत्र कालवून खातोय.

कालवलं की काय होतं बघा. 'द लास्ट एक्झॉर्सिझम', २०१०. एक डॉक्युमेंटरीवाली टीम पाद्र्याबरोबर फिरतेय, ठीक. शेवटी कॅमेरामनचंही मुंडकं उडतं आणि कॅमेरा जमिनीवर पडतो. पण त्याआधी पिक्चरभर बॅकग्राउंड म्युझिक वाजतंय! कोणी टाकलं ते? टीम मेली, मग मिक्सिंगला भूत बसलं का? मला म्युझिकची ॲलर्जी नाही, फक्त ते टाकणारा दाखवा. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने 'डायरी ऑफ द डेड'मध्ये दाखवला, त्यातली पोरगी सुरुवातीलाच सरळ सांगते की हे मी जोडलंय आणि तुम्ही घाबरावं म्हणून मधेमधे म्युझिकही मीच टाकलंय. एका वाक्यात काम झालं, एवढंही बाकीच्यांना जमत नाही.

रॉ कॅसेटशी इमान राखणारा बघायचा तर 'क्लोव्हरफिल्ड'. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या जागी सापडलेला कॅमेरा, सरकारी फाईल, आणि मधेच जुन्या सुखाच्या दिवसाचं रेकॉर्डिंग डोकावतं कारण त्यावरच नवीन शूट झालंय. आपल्याकडे लग्नाच्या कॅसेटवर चुकून मॅच रेकॉर्ड व्हायची, तसं. ते तुकडे कोणी रचलेले नाहीत, कॅसेटच तशी आहे, म्हणून पोटात कालवतं. आणि दुसऱ्या टोकाला २०१२चा 'द डेव्हिल इनसाइड', जो ऐन मोक्यावर कापून पुढची माहिती वेबसाइटवर बघा म्हणतो. थिएटरमधून निघालेल्या अमेरिकन प्रेक्षकांनी सिनेमास्कोर या प्रेक्षकांच्या पाहणीत त्याला सरळ एफ, म्हणजे नापास, दिला, आणि मी तिथे असतो तर त्याच्याही खालचा शोधला असता.

आपल्याकडचं म्हणाल तर 'रागिणी एमएमएस', २०११. घरात लपवलेले कॅमेरे आहेत म्हणजे जमात नक्की फाउंड फुटेजचीच, आणि भूत मराठी बोलतं म्हणून मला जरा जास्तच माया आहे. दुसऱ्या भागात त्यांनी हा प्रकार सोडून सरळ नेहमीसारखा पिक्चर केला. बाकी कारणं काही असोत, पण कॅमेरा का चालू आहे याचं उत्तर नसेल तर तो बंद करावा, या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

दोन्ही एकाच पिक्चरमध्ये हवंच असेल तर जपानी 'नोरोई', २००५. आधी सांगतात की कोबायाशी नावाच्या माणसाने डॉक्युमेंटरी पूर्ण केली, मग त्याचं घर जळालं, बायको गेली, तो बेपत्ता. मग ती डॉक्युमेंटरी अख्खी दाखवतात, रीतसर मिक्सिंग केलेली, मुलाखती, टीव्हीवरचे तुकडे, सगळं. ती संपते, तुम्हाला वाटतं पिक्चर संपला. आणि मग एक पार्सल येतं, आत कोबायाशीचा कॅमेरा, टेप आतच. ती कोणी मिक्स केलेली नाही.