पहिल्या वाक्यातली खुंटी

१९७२ साली जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना एक उतारा ऐकवला. आधी वस्तूंचे गट करा, एका वेळी फार घेऊ नका, चूक महागात पडू शकते, काम झाले की वस्तू जागच्या जागी ठेवा, असा त्याचा आशय. शब्द सगळे सोपे. तरीही ऐकणाऱ्यांना १८ पैकी सरासरी तीन मुद्देसुद्धा आठवेनात. दुसऱ्या गटाला आधीच सांगितले की हे कपडे धुण्याबद्दल आहे. त्यांना सहाच्या आसपास आठवले. तिसऱ्या गटाला हेच उतारा संपल्यावर सांगितले, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातमीच्या सुरुवातीला ‘इंट्रो’ म्हणतात. तिच्यावर एवढा घाम का गाळायचा, याचे मला पटलेले उत्तर या तिसऱ्या गटात आहे. माहिती अडकवायला डोक्यात आधी खुंटी लागते. नंतर ठोकली तर तोवर सगळे खाली पडलेले असते.

आता ही सुरुवात पाहा. मी रचलेली आहे, पण पावसाळ्यात अशा पुष्कळ वाचायला मिळतात:

‘पाणलोट क्षेत्रात गेल्या तीन दिवसांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे धरणातील पाणीसाठ्यात मोठी वाढ झाल्याने जलसंपदा विभागाने घेतलेल्या निर्णयानुसार आज दुपारी धरणाचे चार दरवाजे उघडण्यात आले असून नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.’

दरवाजे उघडले, हे कळायला २३ शब्द ओलांडावे लागतात. आपण एका वेळी मनात साधारण चारच सुटे तुकडे धरू शकतो, असे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले. पाऊस, साठा, विभाग, निर्णय. ढोबळ हिशेबाने चारही जागा आधीच भरल्या.

दोष मराठीचा नाही. आपले क्रियापद शेवटी येते हे खरे, पण वाचणारा त्याची वाट पाहत नुसता बसून राहत नाही. ‘ने’, ‘ला’, ‘वर’ अशा खुणांवरून तो पुढचे ताडत असतो. हिंदीची रचनाही अशीच आहे, आणि तिच्यावरच्या प्रयोगांत मधल्या शब्दांमुळे शेवटचे क्रियापद कधीकधी उलट लवकर वाचले गेल्याचे दिसले. आपल्याला जड जातात त्या ‘असलेल्या’, ‘झाल्याने’, ‘घेतलेल्या’ यांच्या एकात एक अडकवलेल्या कड्या. काय, कोण, कुठे, कधी, का, कसे हे सहाही ‘क’ एकाच वाक्यात बसवायच्या हट्टातून त्या तयार होतात. माझ्या मते यातला ‘का’ जवळजवळ नेहमीच दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापर्यंत थांबू शकतो.

तीच बातमी अशी लिहिता येते: ‘धरणाचे चार दरवाजे आज दुपारी उघडले. नदीकाठच्या गावांनी सावध राहावे, असा इशारा देण्यात आला आहे. पाणलोट क्षेत्रात तीन दिवस मुसळधार पाऊस सुरू आहे. धरणातील पाणीसाठा खूप वाढल्याने जलसंपदा विभागाने हा निर्णय घेतला.’

एकही माहिती गळालेली नाही, फक्त क्रम बदलला. नदीकाठी पाण्याची मोटर असलेला शेतकरी पहिल्याच वाक्याला उठून चालू लागेल. पाऊस किती दिवस पडतोय, हे तो मोटर वर आणून ठेवल्यावर वाचेल.