वाघाचे जंत आणि गावचे कुत्रे

१८७८ साली ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाली वाघाच्या फुप्फुसांत जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे जाडसर किडे सापडले. संग्रहालयाचे संचालक वेस्टरमन यांच्यावरून त्यांचं नाव पडलं पॅरागोनिमस वेस्टरमनी. रानातल्या मांसाहारी प्राण्यांचे परजीवी म्हटले की मला आधी हाच आठवतो, कारण त्याची वाट थेट आपल्या रांधणीत येते.

वाघ-बिबटे खोकतात तेव्हा या किड्याची अंडी घशात येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. पावसाने ती ओहोळात उतरली की अळी आधी गोगलगायीत शिरते, मग गोड्या पाण्यातल्या कुर्लीत (खेकड्यात). ती कुर्ली कच्ची खाल्ली, तर अळी आतडं भेदून फुप्फुस गाठते. वाघाचं असो वा माणसाचं, तिला फरक पडत नाही. खोकला, थुंकीतून रक्त, म्हणजे सगळी लक्षणं क्षयाची, त्यामुळे पुष्कळदा औषधही क्षयाचंच चालू होतं. आपल्याकडे असे रुग्ण मुख्यतः मणिपूर-नागालँडकडचे. प्राझिक्वांटेल या जंतनाशक औषधाने ते बरे होतात.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पहिल्या पावसात रात्री विजेरी घेऊन कुर्ल्या धरायला जाणारे पुष्कळ. कुर्ल्यांचं हुमण (नारळाच्या वाटणाचं कालवण) खळखळून उकळलं की अळी मरते, तेव्हा हुमणाला कुणी बदनाम करू नये. सांभाळायचं ते त्याआधी, पाय-नांग्या वाटून कच्चा रस गाळताना. तोच हात, तीच सुरी लगेच काकडीला लागली, तर अळीला बिनउकळीची वाट मिळते.

वाघाच्या पोटात काय आहे हे कळायला वाघ पकडावा लागत नाही. त्याची विष्ठा दाट मिठाच्या पाण्यात घोळतात. गोलकृमींची हलकी अंडी वर तरंगतात, ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पॅरागोनिमसची अंडी मात्र जड, ती तळाशीच शोधावी लागतात. फीतकृमींची आणखी पंचाईत: टीनिया आणि एकिनोकॉकस यांची अंडी दिसायला हुबेहूब सारखी, डीएनए तपासल्याशिवाय ओळख पटत नाही. आणि ओळख पटणं गरजेचं आहे, कारण एकिनोकॉकसची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी धरतात. ही अंडी आपल्यापर्यंत येतात ती बहुधा कुत्र्यामार्फत. बकरा कापल्यावर गाठी असलेलं काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकलं की त्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात.

म्हणूनच जंगली श्वापदांपासून माणसाला रोग, एवढीच चर्चा मला अपुरी वाटते. उलट दिशेची वाहतूक जास्त चिंतेची आहे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही गोव्यातली अभयारण्यं माणसांपासून तुटलेली नाहीत. आत वाडे (वस्त्या) आहेत, कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत आणि कुत्रे तर आहेतच. बिबट्या अंगणातून कुत्रा उचलतो तेव्हा त्याच्या अंगावरच्या गोचिड्या, खरजेचे किडे आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणूही बरोबर नेऊ शकतो.

डिस्टेंपर काय करू शकतो ते टांझानियातल्या सेरेंगेटीच्या जंगलात १९९४ साली दिसलं. तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. विषाणू एकटा नव्हता. आदल्या दुष्काळात खंगलेल्या रानम्हशींवर गोचिड्या माजल्या होत्या. त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात गोचिडीने पसरवलेला बॅबेसिया हा परजीवी भरमसाट झाला. एरवी सिंह तो सहज पचवतात, पण डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती खच्ची केल्यावर तोच जिवावर उठला. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही हीच जोडगोळी सापडली.

गोव्यात कुत्र्यांना रेबीजची लस देण्याचं काम गेल्या दशकात फार चांगलं झालं आहे, देशाने उदाहरण घ्यावं इतकं. पण रेबीजची लस डिस्टेंपरला अडवत नाही. त्याची लस वेगळी, आणि ती घेतात बहुतेक शहरातले पाळीव कुत्रे, ज्यांची गाठ बिबट्याशी पडण्याचा संभव सर्वांत कमी.