अंगाला चिकटणारे सेन्सर आले कुठून?

स्मार्टवॉच आलं आणि मग हे सगळं सुरू झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण माणूस हिंडता-फिरताना त्याच्या हृदयाची नोंद घ्यायची खटपट फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेनचं ईसीजी मशीन होतं सुमारे २७० किलोचं, पेशंटने दोन्ही हात नि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोंटानात नॉर्मन होल्टरने तेच काम पाठीवर घेतलं, रेडिओसकट ३८ किलोचं धूड, म्हणजे चालायची सोय झाली पण चालणार कोण! पुढे ट्रान्झिस्टर आले, धूड कमरेच्या पट्ट्यावर आलं आणि आज परळला कुठल्याही हॉस्पिटलबाहेर "होल्टर लावलाय" असंच ऐकू येतं.

मशीन आटोपशीर झालं तरी कातडीचं काय? ती ताणते, सुरकुतते, घामेजते, आणि चिप ज्याची बनते ते सिलिकॉन पडलं ठिसूळ, वाकवलं की तडकलं. म्हणून छातीवर जेलचे स्टिकर आणि वायरी. मे महिन्यात ते लावून दादर ते अंधेरी गर्दीत उभं राहून बघा, एकाची तरी कड सुटते, मग रिपोर्टमध्ये तेवढ्यापुरती रेघ वेडीवाकडी, डॉक्टर म्हणणार आर्टिफॅक्ट आहे, म्हणजे हृदयाची नाही, स्टिकरची गडबड, सोडा.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन रॉजर्सच्या टीमने सिलिकॉन तेच ठेवलं, फक्त प्रचंड पातळ केलं आणि तारा नागमोडी काढल्या, ताण आला की वळणं उघडतात, सिलिकॉनवर भार येत नाही. पोरं पाण्याने टॅटू चिकटवतात तसंच हे लावायचं. टोकियोत ताकाओ सोमेयांच्या गटाने २०१७ मध्ये सोन्याच्या बारीक तंतूंची जाळीच कातडीवर बसवली, तिच्यातून हवा जाते, घाम कोंडत नाही, मला विचाराल तर आपल्या दमट हवेला हीच बरी.

शुगरची वाट वेगळी. १९६२ मध्ये लेलँड क्लार्कने ग्लुकोजवर प्रक्रिया करणारं एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, १९९९ मध्ये अमेरिकेत सतत ग्लुकोज मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला मंजुरी मिळाली, आणि आता १४ दिवस दंडावर राहणारे पॅच मिळतात. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात तर घामातूनच सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज, लॅक्टेट एकदम मोजणारा पट्टा झाला. पण घामातलं ग्लुकोज फारच कमी आणि रक्ताशी त्याचा मेळ बसेलच असं नाही, त्यामुळे दंडावरच्या पॅचखाली एक बारीकशी तार अजून कातडीत घालावीच लागते.