शिरेतले सलाईन आणि गर्भाशयातले सलाईन

सोनोग्राफीच्या अहवालात ‘बाळाभोवतीचे पाणी कमी’ असे दिसले की घरची मंडळी डॉक्टरांना पहिली विनंती करतात ती सलाईन लावण्याची. शिरेतून गेलेले पाणी थेट गर्भपिशवीत साठते, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी असते. बाळ ते गिळते आणि लघवीवाटे पुन्हा सोडते. पाण्याचा सर्वांत खोल कप्पा 2 सेंटिमीटरपेक्षा उथळ भरला, तर गर्भजल कमी मानतात.

साहजिकच, ते वाढायचे तर बाळाला लघवी जास्त झाली पाहिजे, आणि इथेच साध्या पाण्याची करामत दिसते. आई भरपूर पाणी प्याली की तिच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित घटते. बाळाच्या रक्तातील प्रमाण त्या मानाने जास्त राहिल्यामुळे परासरणाच्या नियमाने (कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे) पाणी वारेतून, म्हणजे आई आणि बाळ यांना जोडणाऱ्या अवयवातून, बाळाकडे सरकते आणि बाळाची मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. सुमारे 2 लिटर पाणी प्यायल्यावर काही तासांतच गर्भजलाचे मोजमाप वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. नेहमीच्या सलाईनमध्ये मात्र 0.9 टक्के, म्हणजे रक्ताशी जुळणारे मीठ असते, त्यामुळे रक्तातील क्षारांचे प्रमाण बदलत नाही, वारेच्या दोन्ही बाजूंत फरक पडत नाही आणि पाणी ओढले जाण्याचे कारणच उरत नाही. बाटली टांगलेली दिसली की उपचार झाल्याचे समाधान मिळते, ही आपली जुनी सलाईनभक्ती!

पाणी पिण्यालाही मर्यादा आहेत. गर्भजलाची पिशवी फुटून पाणी गळत असेल किंवा बाळाच्या मूत्रपिंडांत दोष असेल, तर त्याचा उपयोग तोकडा पडतो. वार नीट काम करत नसेल, तर बाळ रक्तपुरवठा मेंदू आणि हृदयाकडे वळवते आणि मूत्रपिंडांना कमी रक्त मिळते. अशा वेळी प्रश्न पाण्याचा नसून प्रसूती केव्हा करायची याचा असतो.

गंमत अशी, की शिरेतून निरुपयोगी ठरलेले तेच सलाईन कळा सुरू झाल्यावर कामी येऊ शकते. पाणी कमी असताना कळेबरोबर नाळ दाबली जाऊन बाळाचे ठोके वारंवार घसरू लागले, तर पिशवी फुटलेल्या अवस्थेत गर्भाशयाच्या मुखातून बारीक नळी घालून सलाईन थेट आत सोडतात. नाळेभोवती पाण्याची गादी तयार होते आणि दाब हलका होतो. इथे रक्ताशी जुळणारे मीठच हवे असते. ठोके तरीही सावरले नाहीत, तर प्रसूती तातडीने उरकावी लागते, प्रसंगी सिझेरियन करून.