जामीन मंजूर झाला, जामीनदार कुठून आणायचा?

मराठवाड्यातल्या व्यक्तिस्वातंत्र्याची गोष्ट निजामाच्या राजवटीपासून, सभाबंदीच्या ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकापासून सांगायची रीत आहे. पण आज जामिनासाठी धावपळ करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने खरा बदल झाला तो २७ ऑगस्ट १९८१ ला. त्या दिवशी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. तोवर सत्र न्यायालयाने जामीन फेटाळला की नांदेडच्या माणसाला जवळपास ६०० किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागे. इथे खंडपीठ बसवण्याचा तो निर्णयही सुखासुखी टिकला नाही. उच्च न्यायालयानेच वर्षअखेर तो रद्द ठरवला, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला आणि १९८४ ला खंडपीठ कायम झाले.

न्यायालय जवळ आले, तरी जामीनदाराचा प्रश्न सुटला नाही.

आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाचे दारच बंद करणारा १९७६ चा निकाल सर्वांना ठाऊक आहे. त्याची भरपाई म्हणावी असे निकाल पुढच्या दोन-तीन वर्षांत आले आणि ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे सूत्र रूढ झाले. त्यातला १९७८ चा एक निकाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच आठवण सर्वांत कमी काढली जाते. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. दंडाधिकाऱ्यांनी १० हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने ही अट खोडून काढली. दक्षिणेतला माणूस उत्तरेत पकडला गेला तर त्याने तिथला जामीनदार कुठून शोधायचा, असा त्या निकालाचा रोख होता. गवंडी १ हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्या लेखी हमीवर, सुटला.

हा निकाल बीड, धारूर, परळी, पाटोदा भागासाठीच लिहिला असावा असे वाटते. दिवाळीच्या सुमारास इथले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या फडांवर जातात. तिकडे ट्रॅक्टरचा अपघात झाला, मारामारी झाली, गुन्हा नोंदला गेला, की ‘स्थानिक सक्षम जामीनदार’ ही अट समोर येते. सातबारा, ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, आणि हे सगळे त्याच जिल्ह्यातले. मजुराच्या ओळखीचा तिथे असतो एक मुकादम, ज्याची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) आधीच डोक्यावर आहे. गावाकडचा चुलता दोन एकराचा सातबारा घेऊन रात्रभर एसटीने येतो, तरी तो ‘बाहेरचा’ ठरतो.

दंडाधिकाऱ्यांची अडचण खोटी नाही. आरोपी पळतात, बनावट दाखले सापडतात, एकच इसम डझनभर प्रकरणांत जामीन राहिलेला निघतो. म्हणूनच २००५ च्या दुरुस्तीने जामीनदाराला, आपण आणखी किती जणांसाठी उभे आहोत, हे सांगणे बंधनकारक केले. त्याच दुरुस्तीने जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळालेला माणूस निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद केली. पण माझ्या मते भाड्याच्या जामीनदारांचा धंदा पोसला तो याच स्थानिकपणाच्या अटीने. ओळखीचा चालत नाही म्हटल्यावर माणूस विकतचाच आणणार.

३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा यात लक्ष घातले. जामिनाचा आदेश त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी तुरुंगात ई-मेलने पोहोचावा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, हे मात्र सुचवण्याच्या भाषेत आले. १९७८ ला जे ठणकावून सांगितले होते, ते ४५ वर्षांनी सूचना म्हणून यावे याचे दुःख होते.

पॅरोल आणि फर्लो, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या तात्पुरत्या सुट्या, यांचे मूळ नियम १९५९ चे. तिथेही कैद्याला जामीनदार आणि घेऊन जाणारा नातेवाईक लागतो. मे २०२० मध्ये करोनामुळे आपत्कालीन पॅरोल आला, तेव्हा सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्यांना आधीच्या दोन सुट्यांनंतर वेळेत परतल्याची अट होती. जो कधी बाहेरच गेला नाही त्याचे काय? अशा कैद्याला केवळ त्या कारणाने नाकारता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितले.

मर्जीने लग्न केलेल्या जोडप्यांची प्रकरणे बहुधा हेबियस कॉर्पसच्या (डांबून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याच्या अर्जाच्या) रूपाने येतात. मुलगी सज्ञान असेल तर तिला विचारायचे आणि ती सांगेल तिथे जाऊ द्यायचे, हे २०१८ च्या निकालांनंतर वादाचे उरलेले नाही. त्याच वर्षी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याच्या सोयीबद्दल निर्देश आले. राज्याचे त्याबाबतचे परिपत्रक निघायला २०२४ चा डिसेंबर उजाडला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या (खटल्याचा निकाल न लागलेल्या) कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे. फाशी वा जन्मठेपेचा गुन्हा असेल किंवा एकाहून जास्त खटले चालू असतील तर ही सवलत नाही. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. आणि याच संहितेच्या व्याख्येनुसार हे बंधपत्र जामीनदाराविना असते.