पोट सुटलंय की पोटाचे स्नायू फाकलेत?

बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की कुणीतरी म्हणतंच, "अगं पोट किती सुटलंय, डिंकाचे लाडू जास्त झाले वाटतं." मग ती बिचारी लाडू सोडते, रात्रीचं जेवण सोडते, यूट्यूब लावून रोज शंभर क्रंचेस मारते आणि तीन महिन्यांनी बघते तर पोट होतं तिथेच, उलट मधोमध जास्त टोकदार झालेलं. माझ्या दुसऱ्या सिझरनंतर माझं अगदी हेच झालं, हातपाय काटकुळे आणि पोट पाचव्या महिन्यासारखं, लोकलमधे दोनदा मला उठून जागा दिली लोकांनी. वजन तर लग्नाआधीइतकंच होतं! आणि तरी जिमच्या ट्रेनरपासून मावशीपर्यंत सगळे चरबी, चरबी, चरबी.

चरबीचं पोट सगळ्यांना माहितीये, त्यावर फार लिहीत नाही. चिमटीत धरता येतं, बसलं की वळ्या पडतात, बहुतेक वेळा दंड-मांड्याही सोबत भरलेल्या असतात, आणि सकाळ-संध्याकाळ फारसा फरक नसतो. (क्रंचेस करून फक्त पोटावरचीच चरबी जाते हे मात्र कृपया डोक्यातून काढा, तसं होत नाही.)

फाकलेलं पोट ही वेगळीच गोष्ट आहे. छातीच्या बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधे जोडणारी एक चिवट पांढरी पट्टी, लिनिया अल्बा. पोटात बाळ वाढतं तशी ती ताणते, रुंद होते. शेवटच्या दिवसांत जवळपास सगळ्याच बायकांचं होतं हे, त्यात आजार काही नाही. बाळंतपणानंतर ती बरीचशी आपोआप परत येते, काहींची येत नाही, त्याला डायस्टॅसिस म्हणतात. नॉर्वेत 300 पहिलटकरणींना तपासलं होतं, तो अभ्यास 2016 मधे आला, त्यात सहा आठवड्यांनी 60 टक्के जणींना दोन स्नायूंमधे अशी फट होती आणि वर्षानंतरही साधारण 33 टक्के जणींना, म्हणजे दर तिघींत एक. आणि त्याच अभ्यासात फट असलेल्यांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखते असं काही दिसलं नाही, त्यामुळे "फट आहे, आता कंबर गेलीच" असं घाबरवणाऱ्यांचंही ऐकू नका. "स्नायू फाटले" हा शब्द तर मला अजिबात आवडत नाही, फाटलेलं काही नसतं, परकराचं इलॅस्टिक सैल व्हावं तसं ते सैल होतं.

ओळखायचं कसं? उताणं झोपा, गुडघे वाकवा, एका हाताची बोटं टोकं पायांकडे करून बेंबीवर शेजारी शेजारी टेकवा आणि हनुवटी छातीकडे नेत फक्त डोकं आणि खांदे जरासे उचला. दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा हाताला लागतात, मधे किती बोटं मावतात बघा, मग बेंबीच्या थोडं वर आणि थोडं खाली तसंच. दोनपेक्षा जास्त बोटं मावली तर साधारणपणे फट धरतात. अंथरुणातून सरळ उठताना पोटाच्या मधोमध कौलारू घराच्या आढ्यासारखा उंचवटा येत असेल, सकाळी पोट बरं आणि रात्री जेवल्यावर एकदम फुगलेलं, तर त्याही याच्या खुणा असू शकतात. चरबी असा आढा काढत नाही. अर्थात एकीला दोन्ही असू शकतं, आणि एकदम बारीक मुलीलाही फट असू शकते.

आता जिथे खरा घोळ होतो ते सांगते. सगळ्याजणी बोटं मोजत बसतात, तीनची अडीच झाली का, अडीचची दोन. पण बोट आत किती सहज जातं हे जास्त महत्त्वाचं आहे! भिजवलेल्या कणकेत जावं तसं खोल जात असेल तर पट्टीला ताण नाही, आणि दोन बोटांची फट असूनही खाली कडक, उसळी मारणारं लागत असेल तर पट्टी तिचं काम करतेय. क्रंच मारताना स्नायू जवळ येतात, फट कमी दिसते, म्हणून वाटतं व्यायाम लागू पडला, पण त्याच क्षणी मधली सैल पट्टी मुडपते. आधी श्वास सोडत ओटीपोट हलकेच आत ओढलं, खालून लघवी अडवल्यासारखं उचलून घेतलं, तर फट कदाचित थोडी रुंद दिसेल पण पट्टी ताणून राहते, आणि आपल्याला तेच हवंय. म्हणून सुरुवात तिथून करा, पडल्या पडल्या टाच सरकवणं, उठताना कुशीवर वळून उठणं, बाळाला उचलताना श्वास सोडणं. प्लँक, क्रंचेस जन्मभर बंद असंही नाही, आढा दिसला की सोपा प्रकार घ्यायचा, दिसेनासा झाला की पुढे जायचं.

पोटपट्ट्याबद्दल: मालिशवाल्या मावशी जुनी सुती साडी बांधतात तेव्हा आधार वाटतो, सिझरनंतर खोकताना तर नक्कीच, त्याला माझा विरोध नाही. पण पट्ट्याने चरबीही जात नाही आणि पट्टीला ताणही येत नाही, आणि श्वास कोंडेल इतका आवळला तर सगळा दाब खाली पेल्विक फ्लोअरवर, म्हणजे लघवी अडवणाऱ्या तळाच्या स्नायूंवर जातो. शिंकताना थेंब गळत असतील तर पट्टा सोडा आणि फिजिओकडे जा.

बेंबीपाशी गोळी येत असेल तर हर्निया असू शकतो, डॉक्टरांना दाखवा, आणि ती गोळी कडक होऊन दुखायला लागली, आत जाईना, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी, थांबू नका.

माझी फट आजही दोन बोटांची आहे, दीड वर्षात त्यापेक्षा कमी झालेली नाही, पण आता बोट आत जात नाही, आणि मी आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर पळते.